सोळा आण्यांचे शंभर पैसे आणि संगणकाची तथाकथित चूक

१/ थ्रेड. समाजमाध्यमांवर एक चित्र पुन्हा पुन्हा फिरते. संगणकाला ०.१ + ०.२ विचारले, तर तो ०.३०००००००००००००००४ असे उत्तर देतो. खाली मथळा असतो : "याला चौथीचे गणितही येत नाही!" हजारो लोक हसतात आणि चित्र पुढे जाते. हा थ्रेड त्या हसण्याविरुद्ध आहे. इतिहासाच्या थ्रेडमालिकेत संगणक कशासाठी, असे ज्यांना वाटेल त्यांनी आठव्या भागापर्यंत धीर धरावा.

२/ या चित्राखाली तीन पंथांचे लोक भेटतात. पहिला म्हणतो, संगणक मूर्ख आहे. दुसरा म्हणतो, आमच्या पूर्वजांची पावकी-निमकी त्याला शिकवली असती तर ही वेळ आली नसती. तिसरा म्हणतो, सोळा शून्यांपलीकडच्या फरकाने कोणाचे काय बिघडते? पहिल्याचे अज्ञान क्षम्य आहे. दुसऱ्याचा अभिमान अर्धवट माहितीवर उभा आहे. तिसऱ्याची बेफिकिरी मात्र घातक आहे. तिघांचाही समाचार क्रमाने घेऊ.

३/ आधी एक घडलेली गोष्ट. आमच्या सावेडीतील एका महिला बचत गटाचा हिशेब वहीवर चाले. शेजारच्या एका विद्यार्थिनीने नुकतेच प्रोग्रामिंग शिकायला घेतले होते. तिने हौसेने गटासाठी छोटा प्रोग्राम लिहिला : सगळ्या जमा रकमांची बेरीज करायची, ती पासबुकाच्या रकमेशी ताडायची, जुळली नाही तर लाल अक्षरांत "तफावत" दाखवायचे. वर्षअखेरीच्या बैठकीत पडद्यावर दोन्ही रकमा पैशापर्यंत सारख्या दिसत होत्या आणि त्यांच्याखाली लाल अक्षरांत शब्द होता : तफावत.

४/ हिशेब सांभाळणाऱ्या काकू म्हणाल्या, "अगं, दोन्हीकडे एकच आकडा दिसतोय, मग तफावत कसली?" त्यावर कोणीतरी बोलून गेले, "यंत्र काही खोटं बोलत नाही, काकू." काकूंनी त्या रात्री तीनदा वही तपासली. एका पैचीही चूक निघाली नाही. पण बारा बायकांसमोर त्यांच्यावर जी नजर रोखली गेली होती, तिची भरपाई कोणत्या खात्यातून करायची? सूक्ष्म फरकाने काय बिघडते, याचे पहिले उत्तर हे आहे.

५/ यंत्र खोटे बोलले का? नाही. आपण लिहितो ती संख्या दशमान पद्धतीची. यंत्र साठवते ती द्विमान पद्धतीची, म्हणजे केवळ ० आणि १ यांची. दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहून पाहा : ०.३३३३... कागद संपेल, तिनाचा आकडा संपणार नाही. कारण १० या पायाचे मूळ अवयव २ आणि ५. त्यांत ३ नाही. त्याच न्यायाने एक दशांशाच्या छेदात ५ दडलेला आहे आणि द्विमान पद्धतीच्या पायात ५ नाही. म्हणून आपला साधा ०.१ तिथे ०.०००११००११००११... असा अखंड चालत राहतो.

६/ यंत्राची जागा मात्र मर्यादित असते. बहुतेक भाषांत अपूर्णांकासाठी जो 'फ्लोटिंग पॉइंट' प्रकार वापरतात, त्यात ५३ द्विमान अंकांएवढी अचूकता मिळते. पुढचा भाग जवळच्या किमतीला आणून सोडावा लागतो. त्यामुळे साठवलेला ०.१ खऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो, ०.२ ही किंचित मोठा असतो आणि ०.३ मात्र किंचित लहान. दोन किंचित मोठ्यांची बेरीज किंचित लहानाशी कशी जुळावी? यंत्राने आपले काम चोख केले. आपण त्याला मुळात ०.१ दिलेलाच नव्हता. त्याचा जवळचा नातेवाईक दिला होता.

७/ आता एक गंमत करून पाहा. ०.१ ही संख्या दहा वेळा एकात एक मिळवत गेलात तर पायथन उत्तर देते ०.९९९९९९९९९९९९९९९९, पूर्ण १ नाही. पण ०.०६२५ ही संख्या सोळा वेळा मिळवा. उत्तर येते १. नेमके, निखळ, कोणत्याही शेपटीशिवाय १. असे का? कारण ०.०६२५ म्हणजे एक सोळांश. आणि एक सोळांश म्हणजे आपला आणा.

८/ इथून इतिहास सुरू होतो. जुना रुपया असा मोडत असे : १ रुपया = ४ पावल्या = १६ आणे = ६४ पैसे = १९२ पै. पहिल्या तीन पायऱ्या पाहा. प्रत्येक वेळी चार भाग, म्हणजे दोनदा निम्मे. रुपया, पावली, आणा, पैसा या सगळ्यांचे अपूर्णांक द्विमान पद्धतीत अचूक मावतात. "सोळा आणे खरे" हा आपला वाक्प्रचार संगणकाच्या बाबतीत शब्दशः खरा ठरतो.

९/ मोडी किंवा जुने छापील मराठी कागद ज्यांनी हाताळले आहेत, त्यांना ही पद्धत डोळ्यांनीच ठाऊक असेल. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. एक उभा दंड म्हणजे एक पाव. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी घोकून घेत. औट म्हणजे साडेतीन. वजनांतही शेर, अर्धा शेर, पावशेर आणि शेराचा सोळावा हिस्सा म्हणजे छटाक. हा सगळा व्यवहार निम्म्याचे निम्मे करत चालत असे.

१०/ हे ऐकताच दुसऱ्या पंथाची छाती फुगते : "बघा! पूर्वजांना द्विमान गणित येत होते!" थांबा. निम्म्याचे निम्मे करणे हा हाताचा धर्म आहे. कापड दुमडले की निम्मे होते, धान्याची रास डोळ्यांनी दुभागता येते, भाकरीचे चार तुकडे मोजपट्टीशिवाय करता येतात. पाच सारखे करून दाखवा. म्हणूनच ही सवय जगभर दिसते. इंचाचे आठवे आणि सोळावे भाग इंग्रज सुतारही करीत होता. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात २००१ पर्यंत भाव डॉलरच्या अपूर्णांकांत बोलले जात : आधी अष्टमांश, नंतर सोळांश.

११/ पिंगलाच्या छंदःशास्त्रातील लघु-गुरूंची मांडणी द्विमान विचाराच्या जवळ जाते, हे खरे. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. पण पावकी म्हटल्याने कोणी संगणकशास्त्रज्ञ होत नाही. शिवाय आपल्या पद्धतीची शेवटची पायरी पाहा : एका पैशाच्या तीन पै. छेदात ३ आला. एक पै, म्हणजे एकशे ब्याण्णवांश, द्विमान पद्धतीतही संपत नाही आणि दशमान पद्धतीतही संपत नाही. पूर्वज व्यवहारचतुर होते, सर्वज्ञ नव्हते. आणि एक विसंगती : सकाळी "दशमान पद्धती आम्ही दिली" म्हणून मिरवायचे आणि संध्याकाळी "द्विमानही आमचेच" म्हणायचे. ०.१ चा घोटाळा या दोघांच्याच भांडणातून झाला आहे!

१२/ आता या थ्रेडचा मुख्य पुरावा. हे भांडण भारताने संगणकाआधी प्रत्येकाच्या खिशात अनुभवले आहे. १९५५ च्या नाणे दुरुस्ती कायद्याने ठरले आणि १ एप्रिल १९५७ पासून अमलात आले : रुपयाचे १०० नवे पैसे. जुनी नाणीही काही काळ सोबत चालत राहिली. प्रश्न उभा राहिला की एका आण्याचे किती नवे पैसे? १०० भागिले १६, म्हणजे ६.२५. पाव नवा पैसा तर टाकसाळीतून निघत नव्हता. तेव्हा जवळच्या पूर्ण संख्येला जाणे भाग होते. आज ज्याला आपण 'राऊंडिंग' म्हणतो, ते सरकारी तक्ता होऊन दुकानादुकानात पोहोचले.

१३/ तो तक्ता असा : १ आणा = ६ नवे पैसे, २ आणे = १२, ३ आणे = १९, ४ आणे = २५. पुढे ५ चे ३१, ६ चे ३७, ७ चे ४४, ८ चे ५०. आणि असेच १६ आण्यांच्या १०० पर्यंत. आता हिशेब करा. सोळा आणे एकदम दिले तर १०० नवे पैसे. तेच एकेक करून सोळा व्यवहारांत दिले तर सोळा सक ९६. दोन आण्यांची चवली आठ वेळा दिली तर आठ बारे ९६. रुपया तोच, पण किरकोळीत मोडणाऱ्याचे चार पैसे गेले.

१४/ उलटही घडते. जुना एक पैसा म्हणजे तीन पै, म्हणजे १.५६२५ नवे पैसे. तक्त्यात त्याचे २. असे ६४ सुटे पैसे एकेक करून दिले तर कागदावर १२८ नवे पैसे होतील! म्हणजे चूक एकाच बाजूला झुकते असे नाही. ती कोणाच्या पदरात पडणार, हे नाणे कोणते आणि व्यवहार किती वेळा झाला यावर ठरते. म्हणून शहाणपण एकच : आधी पूर्ण बेरीज करा, मग एकदाच जवळच्या पैशाला जा. नवशिक्या प्रोग्रामरला हाच पहिला धडा द्यायला हवा. तो १९५७ च्या कोणत्याही किराणा दुकानदाराने दिला असता.

१५/ आता तक्त्यातील एका बारकाव्याकडे पाहा. २, ६, १० आणि १४ आणे. यांच्या खऱ्या किमती १२.५, ३७.५, ६२.५ आणि ८७.५, म्हणजे चारही बरोबर अर्ध्यावर. वर जावे की खाली? दोन्ही सारख्याच अंतरावर. तक्त्याने चारही वेळा खालची किंमत घेतली : १२, ३७, ६२, ८७. बाकी आण्यांच्या पाव-पाव पैशाच्या चुका एकमेकींना फेडतात, पण हे चार अर्धे फिटत नाहीत. तक्ता जुनी नाणी देणाऱ्याच्या विरुद्ध किंचित कललेला राहतो.

१६/ हा कल टाळता आला असता का? हो. नियम असा करायचा : आकडा बरोबर अर्ध्यावर अडकला तर जवळची सम संख्या घ्यायची. मग १२.५ चे १२, ३७.५ चे ३८, ६२.५ चे ६२, ८७.५ चे ८८. दोनदा खाली, दोनदा वर. सगळ्या तक्त्याची चूक मिळून शून्य! १९८५ साली फ्लोटिंग पॉइंटचे जे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले (आयईईई ७५४), त्यात मूळ नियम म्हणून हाच घेतला गेला. या मानकामागचे प्रमुख गणिती विल्यम काहान यांना १९८९ चे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले.

१७/ म्हणूनच पायथनमध्ये २.५ ला पूर्ण संख्येत आणले की २ मिळतात आणि ३.५ चे ४. नवशिके इथेही ओरडतात : "चुकले! अर्ध्याला वर जायचे असते!" कोणी सांगितले? शाळेने. एक्सेल २.५ चे ३ करते. जीएसटी कायद्याच्या कलम १७० नुसार करात ५० किंवा अधिक पैसे असतील तर पूर्ण रुपया धरायचा. १९५७ चा तक्ता अर्ध्याला खाली नेतो, २०१७ चा कायदा वर नेतो, पायथन सम संख्येकडे नेते. तिन्ही 'बरोबर' आहेत, कारण हा निसर्गनियम नाही, माणसाने घेतलेला निर्णय आहे. आणि प्रत्येक निर्णयात कोणाचा तरी पैसा असतो.

१८/ आता तिसरा पंथ : "एवढ्याशा फरकाने काय होते?" कॅनडातील व्हँकुव्हर शेअरबाजाराने जानेवारी १९८२ मध्ये १००० अंकांपासून नवा निर्देशांक सुरू केला. प्रत्येक सौद्यानंतर तो नव्याने मोजत आणि तिसऱ्या दशांशानंतरचा भाग जवळच्या किमतीला न नेता सरळ छाटून टाकत. रोज हजारो वेळा, नेहमी खालीच. नोव्हेंबर १९८३ पर्यंत फलकावर सुमारे ५२४ होते. नीट मोजल्यावर खरा आकडा निघाला सुमारे १०९८. बाजार वर गेला होता आणि फलक तो निम्म्यावर आल्याचे सांगत होता.

१९/ आणि २५ फेब्रुवारी १९९१. आखाती युद्ध, सौदी अरेबियातील धाहरान. अमेरिकेची पेट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा वेळ एक दशांश सेकंदात मोजत असे आणि तो ०.१ चोवीस अंकी द्विमान जागेत छाटून ठेवलेला होता. (तो फ्लोटिंग पॉइंट नव्हता, ठरावीक लांबीचा अपूर्णांक होता, पण दुखणे तेच.) चूक एका सेकंदाच्या कोटी भागांपैकी जेमतेम एका भागाएवढी. यंत्रणा सलग सुमारे १०० तास चालू राहिली आणि चूक साठत साठत सुमारे ०.३४ सेकंदावर गेली. तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. यंत्रणेने भलत्याच जागी पाहिले. स्कड बराकीवर पडले आणि २८ सैनिक मारले गेले.

२०/ बहुत काळ यंत्रणा चालू ठेवली तर नेम ढळतो, हे आधी लक्षात आले होते. दुरुस्त केलेला प्रोग्राम धाहरानला पोहोचला २६ फेब्रुवारीला. एक दिवस उशिरा. तेव्हा "संगणक मूर्ख आहे" असे म्हणून हसणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की हे वाक्य म्हणजे जबाबदारी झटकण्याची सोय आहे. संख्या कशी साठवायची, कुठे छाटायची, कधी तपासायची, हे माणसांनी ठरवले होते. यंत्राला दोष दिला की त्या माणसांना प्रश्न विचारायचे राहून जाते.

२१/ उपाय अवघड नाहीत. एक : पैशांचा हिशेब रुपयांच्या अपूर्णांकात करू नका, सगळे पैशांत, पूर्ण संख्येत ठेवा. जुना कारकून रुपये, आणे, पै यांची वेगवेगळी घरे ठेवून पै न् पै पूर्ण संख्येत मांडत असे. ती पद्धत आजही निर्दोष आहे. फ्लोटिंग पॉइंटचे ते ५३ अंकसुद्धा पूर्ण संख्या असेल तर ९० लाख कोटी रुपयांपर्यंतचे पैसे बिनचूक मोजू शकतात. दोन : दशमान हिशेबच हवा असेल तर पायथनच्या 'डेसिमल'सारखी सोय वापरा. तीन : दोन अपूर्णांक 'तंतोतंत सारखे आहेत का' असे विचारू नका, 'फरक किती आहे' असे विचारा. चार : जवळच्या किमतीला एकदाच जा, सर्वांत शेवटी.

२२/ आपल्यासारख्या इतिहासप्रेमींसाठी पाचवा उपाय. जुन्या जमाखर्चाचे कागद आता अनेक जण तक्त्यांत उतरवत आहेत. स्तुत्य काम आहे. पण १२ रुपये ७ आणे ५ पै या नोंदीचे १२.४६ करू नका. मूळ तीन आकडे तीन स्तंभांत ठेवा. एकदा दशांशात ढकलले की मूळ नोंद गेली. मग पानाखालची बेरीज जुळली नाही की आपण दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनावर अफरातफरीचा आरोप करून मोकळे होतो. तो बिचारा उत्तर द्यायला येणार नाही. काकू निदान वही तरी दाखवू शकल्या.

२३/ काकूंचे पुढे काय झाले? त्या विद्यार्थिनीने प्रोग्राममधील सर्व रकमा पैशांच्या पूर्ण संख्येत बदलल्या. लाल शब्द नाहीसा झाला. लगेच दुसरा प्रश्न आला : १०० रुपये व्याज बारा जणींत वाटायचे. प्रत्येकी ८ रुपये ३३ पैसे दिले तर ९९ रुपये ९६ पैसे होतात. पुन्हा तेच ९६, पुन्हा तेच चार पैसे! या वेळी गटाने बैठकीत ठराव केला : आठ जणींना ८३३ पैसे, चौघींना ८३४, आणि त्या चौघी दरमहा क्रमाने बदलतील. ठराव वहीत लिहिला गेला, खाली बारा सह्या झाल्या.

२४/ मला त्या बारा सह्या फार मोलाच्या वाटतात. उरलेले चार पैसे जाणार कुठे, हे गुपचूप यंत्रावर सोपवण्याऐवजी त्यांनी उघड ठरवले. १ जून १९६४ ला 'नवा पैसा' यातला 'नवा' गेला, २०११ मध्ये पावलीही चलनातून गेली, पण हा प्रश्न गेलेला नाही. तो तुमच्या फोनमधल्या प्रत्येक बिलात, व्याजाच्या प्रत्येक ओळीत आहे. तेव्हा पुढच्या वेळी ते चित्र समोर आले की हसून पुढे पाठवू नका. एवढेच विचारा : हा आकडा कुठे छाटला, कोणी छाटला आणि उरलेले कोणाच्या खिशात गेले?

धागा समाप्त. मतभेद असतील तर अवश्य मांडा. मात्र पुराव्यासह, आणि शक्यतो पूर्ण संख्येत.